फुलावर आलेला ताग

माझ्या आजेसासूबाई माणिकबाई तेराव्या वर्षी मूर्तिजापूरजवळच्या आमच्या खेड्यात लग्न होऊन आल्या. ही हकीकत त्यांनी मला तीन वेळा सांगितली. तिन्ही वेळा तपशील तोच होता, म्हणून जशी ऐकली तशी लिहिते.

साल १८६४. अमेरिकेत लढाई चालू होती, त्यामुळे विलायतेला आपल्याकडचा कापूस लागत होता आणि भाव चढतच होते. गावाने ज्वारी सोडली, कपाशीच्या ओळींमधले तुरीचे तासही बंद केले. कपाशीवर पुन्हा कपाशी. आजेसासरे पुंजाराम यांच्या नाल्याकाठच्या शेतात तिसऱ्या वर्षी झाडं गुडघ्याच्या वर गेली नाहीत. बाळापूरचे रहमतुल्ला बागवान त्यांच्या ओळखीचे. ते म्हणाले, एक पावसाळा ताग पेरा, फुलावर आला की नांगरून गाडा, जमिनीत जीव येईल.

पारावर यावर आठ दिवस वाद झाला. कोणी म्हणे शेणखत पुरे, कोणी म्हणे काळ्या मातीला काही लागतच नाही. पुंजारामांचे थोरले भाऊ गोवर्धन म्हणाले, "कापसाले सोन्याचा भाव, अन् हा दोराचं झाड पेरून राहिला. इहिरीवरचा दोर आखूड पडला का रे तुले?"

पुंजाराम हसण्यावारी नेऊन ताग पेरून मोकळे झाले.

पोळा झाला, उघाड पडली, शेत फुलांनी पिवळं झालं. खरी अडचण तेव्हा आली. माणिकबाईंना सातवा महिना होता, आणि आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. बायको गरोदर असताना नवऱ्याने हिरव्या झाडाला हत्यार लावायचं नाही, ही घराची रीत. शिवाय फुलावरचं पीक म्हणजे पोटुशी बाई. तिची ओटी भरायची, तिला गाडायचं कसं? एकही गडी नांगर धरेना. थांबावं तर ताग निबर होतो, मग तो कुजत नाही.

पुंजाराम बायकोला म्हणाले, "तू नाई म्हन. मी राहू देतो."

भाकरी थापून झाल्यावर माणिकबाई म्हणाल्या, "माह्यं पोट भरलं म्हून मातीले उपाशी ठेवता का? जा, धरा नांगर."

दोन दिवसांत शेत गाडून झालं. आश्विनात मुलगा झाला. तो रडलाच नाही. विहिरीवर बायका माणिकबाईंना पाहून बोलायच्या थांबत. गोवर्धननी मात्र त्यानंतर थट्टा केली नाही.

दुसऱ्या वर्षी भाव कोसळले, पण त्या शेतात कपाशी कमरेला लागली. पुंजाराम तिकडे फिरकत नसत. वेचणी माणिकबाईंनीच केली.

मी एकदा विचारलं, मनाला कधी लागलं नाही का? त्या म्हणाल्या, "लेकरू कशानं गेलं, मले मालूम नाई. माती कशानं सुधरली, थे मालूम हाये."

त्या वेचणीच्या पुढच्या पावसाळ्यात त्या पुन्हा गरोदर होत्या. पुंजाराम या वेळी तागाचं नावही काढेनात. माणिकबाईंनी वरच्या शेतात त्याचं बी स्वतःच्या हाताने फेकलं. ताग फुलावर आला तेव्हा सहाव्या महिन्यातलं पोट घेऊन बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. पुंजारामांनी बैल जुंपले. शेवटचा तास गाडला जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

पोटात माझे सासरे होते.