पाली मंडळाचा शनिवार

नेरूळच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या प्रवेशाला आलेली मुलं दुसऱ्या भाषेचा विषय निवडताना आधी तिच्याऐवजी चालणारं आयटी मागतात. ते भरलं असलं तर हिंदी, मग संस्कृत, आणि अगदी शेवटी, जरा चाचरतच, "ही पाली म्हणजे काय?" असं विचारतात. टेबलाशी बसलेली संघमित्रा कासारे सांगते की सोपी आहे, मार्क चांगले पडतात. हे सांगताना तिला दरवर्षी थोडं वाईट वाटतं. पण सोळा वर्षांत तिला कळून चुकलंय की याहून जास्त सांगायला गेलं की मूल पुढच्या टेबलाकडे सरकतं.

ती स्वतःसुद्धा काही आवडीनं पालीकडे आली नव्हती. तिचे वडील सदू कासारे माणगावकडचं गाव सोडून दिघ्यात आले आणि रंगाच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले. तिचा फॉर्म भरताना त्यांनी पालीच्या रकान्यावर बोट ठेवलं, आपण विहारात म्हणतो ती हीच का, असं कारकुनाला विचारलं, आणि तो हो म्हणाल्यावर दुसरं काही ऐकूनच घेतलं नाही. संघमित्राला हिंदी हवं होतं. आठवडाभर ती वडिलांशी बोलली नाही. पुढे त्याच भाषेत तिनं एम. ए. केलं आणि तासिकेवर का होईना, शिकवायला लागली. तिच्या पहिल्या तासाच्या दिवशी सदू कंपनीतून रजा काढून कॉलेजच्या गेटाबाहेर उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. ते जाऊनही आता नऊ वर्षं झाली. लग्नाचा विषय कधीतरी मागे पडला तो पडलाच. दिघ्याच्या दोन खोल्यांत आता ती आणि आई वेणूबाई, दोघीच असतात.

गेल्या वर्षी नवे प्राचार्य आले. त्यांनी ठरवलं की प्रत्येक विषयाचं आणि कलेचं एक मंडळ हवं आणि ते दर शनिवारी शेवटच्या दोन तासांना भरलं पाहिजे. विज्ञान मंडळानं रोबो बनवायला घेतला. नाट्यमंडळाला इतकी नावं आली की चाचणी घ्यावी लागली. पाली मंडळाच्या कागदावर सहा नावं होती, तीही हजेरी लागणार म्हणून. उद्घाटनाला एखादा पाहुणा बोलवा, असं प्राचार्यांनी सांगितलं. संघमित्रानं दोन प्राध्यापकांना फोन केले. दोघांनाही वेळ नव्हता.

जेवताना ती हे सगळं आईपाशी बोलली. बोलून मोकळं व्हावं, एवढ्यासाठीच. वेणूबाई भाताचा घास हातात धरून ऐकत होत्या.

"पाव्हना नाय मिळत तर आमी बाया आलो तर चालंल काय गो?"

संघमित्राला हसू आलं. पण शनिवारी दुपारी वेणूबाई खरोखरच आल्या, विहारातल्या चौघींना घेऊन. पाचही जणी धुतलेल्या पांढऱ्या साड्या नेसून मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसल्या. मुलं पुढे, मोबाइलमध्ये. काय करावं ते संघमित्राला सुचेना, म्हणून तिनं बायकांना वंदना म्हणायची विनंती केली.

त्या उठून उभ्या राहिल्या. वेणूबाईंनी सुरुवात केली आणि बाकीच्यांनी आवाज मिळवला. पहिल्या दोन ओळींतच मुलांचे मोबाइल खाली गेले. पुस्तकात ज्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघा मारायच्या आणि विभक्ती ओळखायची, ते शब्द असे कुणाच्या तोंडात वसतीला असतील, हे त्या सहाजणांच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांच्यात जाई नावाची मुलगी होती. सोसायटीत राहणारी, हुशार, जरा फटकळ, आयटीची जागा हुकली म्हणून इकडे आलेली. वंदना संपल्यावर तिनं विचारलं, "आजी, याचा अर्थ माहितीये तुम्हाला?"

वेणूबाईंनी नकारार्थी मान हलवली. अर्थ भंतेजी सांगतात, आपल्याला नुसती चाल येते, असं त्या म्हणाल्या. तेव्हा जाईनं वंदनेतल्या 'सरणं गच्छामि'चं क्रियापद फळ्यावर लिहून दाखवलं: गच्छामि, गच्छसि, गच्छति. मी जाते, तू जातेस, ती जाते.

वेणूबाई फळ्याकडे बघत राहिल्या. त्यांना अक्षरं धड लागत नव्हती, पण ऐकून त्यांनी पक्कं धरलं.

"म्हंजे जाते म्हननारी मीच हाय तर," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, देवाघरचं काहीतरी मोठं असंल."

त्या दिवसापासून दर शनिवार तसाच ठरून गेला. बायका म्हणून दाखवायच्या आणि मुलं शब्द फोडून अर्थ सांगायची. मुलांचे उच्चार सुधारले. बायका येताना शेंगदाण्याचे लाडू आणायच्या. विज्ञान मंडळातली दोन मुलं नुसतीच येऊन बसू लागली.

मग दिवाळीच्या सुट्टीआधी एक गोष्ट घडली. पंचशील म्हणताना जाईनं मध्येच थांबवलं. "आजी, तुम्ही दर वेळी 'समाधियामि' म्हणता. तसं नाहीये ते. 'समादियामि' आहे. समाधीशी त्याचा काही संबंध नाही."

ती बरोबरच बोलली होती. वेणूबाईंनी "व्हय का" म्हटलं आणि पुढची शीलं बाकीच्या चौघींनीच म्हटली. सुट्टीनंतरच्या शनिवारी वेणूबाई आल्या नाहीत, गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणे घरी कुणी पाहुणे येणार होते, ते काही आले नाहीत. बाकीच्या चौघी आल्या, पण चालीला जोर नव्हता. जाईनं दोनदा विचारलं आणि संघमित्रानं दोनदा गुडघ्याचंच सांगितलं.

रविवारी सकाळी आई मेथी निवडत असताना ती समोर जाऊन बसली. तीही पानं खुडू लागली. मग वेणूबाईच बोलल्या.

"तुझा बाबा गेला तवा पुण्यानुमोदनाला मी तसंच म्हनले व्हते. चुकीचं. पन्नास वरसं चुकीचंच म्हनत आले. ते पोचलंच नसंल काय?"

संघमित्राचा हात थांबला. पाली ही लोकांची बोली होती, गावोगाव ती वेगळी बोलली जायची, हे ती दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायची. मुलं ते पाच मार्कांसाठी पाठ करायची. आईला मात्र ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. सांगावंसं वाटलंच नव्हतं, आणि याचीच तिला आता लाज वाटली.

"आई, त्या शब्दाचा अर्थ आहे, मी घेते. नीट, समजून घेते. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, हे व्रत मी घेते."

वेणूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"तू पॅकिंगच्या कामाला होतीस. माल चोरीला गेला तेव्हा खोटी सही कर म्हणून सुपरवायझर मागे लागला होता. तू केली नाहीस, काम गेलं तरी. तेव्हा तू घेतलंच होतंस ना ते?"

"घेतलं व्हतं," वेणूबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "घेतलं तर व्हतंच."

"मग पोचलं."

वेणूबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि मेथीच्या काड्या गोळा केल्या. दुपारी दारात जाई उभी दिसली. बाकीच्या बायकांकडून पत्ता काढून, आयुष्यात पहिल्यांदाच दिघ्याला, एकटी बसनं आली होती. येताना माफी मागायची वाक्यं तिनं जुळवून आणली असावीत, पण दारात त्यातलं एकही तिला आठवलं नाही. मी आगाऊपणा केला, एवढंच ती म्हणाली. वेणूबाईंनी तिला आत घेतलं, मेथीची भाजी आणि भाकरी वाढली, आणि ती जेवत असताना म्हणाल्या, "तो शब्द परत सांग बघू. सावकाश सांग. माझी जीभ जुनी हाय."

जाईनं सांगितला. वेणूबाईंनी म्हटला, चुकला, पुन्हा म्हटला. पाचव्यांदा तो बरोबर आला तेव्हा जाईनं खरकट्या हातानंच टाळी वाजवली.

मार्चमध्ये प्राचार्य एकदा न सांगता शनिवारी वर्गात डोकावले. मागच्या बाकावर बसले, एक लाडू खाल्ला आणि गेले. संघमित्रा अजून तासिकेवरच आहे आणि त्यात लवकर बदल होईल असं तिला वाटत नाही. यंदा अकरावीला पाली घेणारी मुलं सहाची नऊ झाली. त्यांतल्या तिघांनी तिला मार्कांबद्दल विचारलंसुद्धा नाही. आजी कोणत्या वारी येतात, एवढंच विचारलं.

वेणूबाईंनी आता नवंच सुरू केलं आहे. भांडी घासताना, चहा गाळताना त्या मध्येच एखाद्या शब्दाचा अर्थ विचारतात. संघमित्राला प्रत्येक शब्द येतोच असं नाही. मग ती हात पुसते, कपाटातून कोश काढते आणि स्वयंपाकघरातच पाटावर बसून शोधायला लागते. वेणूबाई चहा झाकून ठेवून वाट बघत थांबतात.