वर चाललेले कण

कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये ते अटेंडंट होते आणि सगळे त्यांना थेंबकाका म्हणत. पाण्यात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म गोळे मिसळायचे, काचपट्टीवर थेंब सोडायचा, वर पातळ काच ठेवून कडा नेलपॉलिशने बंद करायच्या. सत्तावीस वर्षं हेच. नेलपॉलिश बायकोचं, ती बिचारी घरभर शोधायची. मायक्रोस्कोपला डोळा मात्र काकांनी कधी लावला नव्हता. "बघणं मुलांचं काम," म्हणायचे.

यंदा नव्या मॅडम आल्या. हुशार, पण उंचीने बेताच्या. पहिल्याच प्रयोगाला ओरडल्या, "काका, तुमचे कण वर चाललेत!"

"माझे?" काकांच्या जिव्हारी लागलं.

"पाण्याचे रेणू सगळीकडून धक्के देतात, तेव्हा कणांनी वाट्टेल तिकडे भटकायला हवं. हे शाळा सुटल्यासारखे एकाच दिशेला निघालेत!"

काकांनी थेंब बदलला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. सगळे घामाघूम, आणि कण आपले वरच. शेवटी काका स्वतःच डोळा लावून बसले, ते बसलेच.

"मॅडम, मोठे तेवढेच चाललेत. बारके जागच्या जागी तडतडताहेत. पाणी वाहत असतं, तर सगळेच गेले असते ना?"

मॅडम विचारात पडल्या. इतका वेळ बसल्यावर काका मान चोळायला गेले, तर मान अवघडलेलीच नव्हती; वाकावं लागलंच नव्हतं. त्यांनी मायक्रोस्कोपकडे नीट पाहिलं. "हा मागे कोणी कलवला?"

"मी. माझा डोळा पोचत नव्हता."

"मग काचपट्टीही कललेली. घसरगुंडीच की ही!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "म्हणजे कण खाली पडताहेत! मायक्रोस्कोप उलटं दाखवतो, म्हणून वर दिसले. मोठ्यांना वजन ओढून नेतं. बारक्यांनाही ओढतंच, पण धक्क्यांपुढे त्याची डाळ शिजत नाही."

"म्हणजे थेंब बरोबर होता."

"अगदी बरोबर."

"जरा मोठ्याने सांगा. मागच्या बाकावर पोचलं नाही."

मायक्रोस्कोप सरळ झाला, मॅडमना उंच स्टूल मिळालं, मुलांची उत्तरंही जुळू लागली. काकांना मात्र चटक लागली. रोज लॅब बंद करण्याआधी अर्धा तास ते डोळा लावून बसत. घरी जायला उशीर होऊ लागला, तशी बायकोने कमरेवर हात ठेवून विचारलं, "कोणाला बघत बसता हो रोज?"

"एक असेल तर सांगू," काका चपला काढत म्हणाले. "हजारो आहेत. आणि एक जागेवर थांबेल तर शपथ!"