सशाचा रस्सा

शेजाऱ्यांनी पाळलेल्या सशाचं मटण दिलं आणि मी ते कोंबडीसारखं भरभर शिजवायला घेतलं. वाटणाचा वास सुटला तसे सासरे चक्क स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यांना चुलीपाशी मी कधी पाहिलं नव्हतं.

"आच कमी कर शोभा! सशाला चरबी नसते, चिवट होईल तो," म्हणत त्यांनी माझ्या हातातली पळीच घेतली. वरून तेल सोडलं, झाकणावर पाणी ओतलं. शिकारीला बंदी नव्हती तेव्हा मित्रांबरोबर माळावर तीन दगड मांडून हेच रांधायचे म्हणे. रानडुकराला आलं-लसूण सढळ हाताने, लाव्हा पाखरांना मात्र नुसतं मीठ-मिरची... सांगताना त्यांचे डोळे लकाकत होते. मला वाटलं, माणूस किती घराबाहेरच राहून जातो! मित्रांना ठाऊक असलेले हे सासरे आम्हाला आज भेटत होते.

"मला कधी साधा चहा नाही केलात हो," सासूबाई मागून म्हणाल्या.

सासऱ्यांनी मग पहिलं ताट सासूबाईंचं वाढलं. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून तोंडात टाकला. आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहिलो.

"अगं, बोल की!"

"बोलायचं काय त्यात?" ताट पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "वाढा अजून."