मी तिच्या वतीने बोलले ते दिवस

मी होम नर्स आहे. त्याआधी एकवीस वर्षं शारजाच्या एका हॉस्पिटलात वॉर्डवर होते. नवरा गेला, मुलगा शिकून कॅनडाला गेला, आणि वॉर्डची उभ्याची ड्यूटी झेपेनाशी झाली तेव्हा घरी जाऊन पेशंट सांभाळायचं काम धरलं. बहुतेक पेशंट म्हातारे असतात. कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणाला लकवा. त्यामुळे एजन्सीच्या बाईने फोनवर सांगितलं, "फुजैराला जायचं आहे, ब्रिटिश सिंगर आहे, घशाचं ऑपरेशन झालंय," तेव्हा मी सवयीने विचारलं, "स्वतःच्या पायाने चालते ना?"

"चालते, खाते, सगळं करते. फक्त बोलायचं नाही तिने. तेवढंच तुम्ही बघायचं."

काम सोपं वाटलं.

तिचा मॅनेजर मला दुबईत एका हॉटेलच्या लॉबीत भेटला. उंच, दमलेला, पन्नाशीचा इंग्रज. त्याने तिचं नाव सांगितलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "तुम्ही तिला ओळखत नाही?" मी नाही म्हटलं. त्याला बरं वाटलं की वाईट, कळलं नाही. एका कागदावर सही घेतली. तिचं नाव, ती कुठे आहे, तिला काय झालंय, यातलं काही कुणाला सांगायचं नाही. म्हणून इथेही ते नाव नाही.

झालं होतं असं. दुबईत तिचा कार्यक्रम ठरलेला होता. तालमीत वरचा सूर लावताना आवाज मधेच तुटला आणि परत आलाच नाही. डॉक्टरांनी घशात कॅमेरा घातला. स्वरतंतूवर गाठ होती, ती काढली. दहा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, पुढे रोज मोजून काही मिनिटं. लंडनच्या पेपरवाल्यांना कळू नये म्हणून मॅनेजरने फुजैरा शहराच्या वर, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एक व्हिला घेतला होता.

डॉक्टरांचे नियम माझ्याकडे लिहून होते. बोलायचं नाही. कुजबुजायचं तर अजिबात नाही, त्याने तंतूंवर जास्त ताण येतो. घसा खाकरायचा नाही. दोन-दोन तासांनी पाणी, दिवसातून चारदा वाफ. एसीने घसा कोरडा पडतो म्हणून एसी बंद. डिसेंबर होता, खिडक्या उघड्या ठेवून भागलं. आणि मला वेगळी सूचना होती की तुम्हीही कमी बोला, कारण समोरच्याने काही विचारलं की माणूस न ठरवता उत्तर देतो.

ती एक्केचाळीस वर्षांची होती. राखाडी स्वेटर, केस वर बांधलेले, चेहऱ्याला काही लावलेलं नाही. दिवसभर गच्चीत बसून समुद्राकडे बघायची. तेल भरायला आलेली जहाजं तिथे नांगर टाकून रांगेत उभी असतात. तिच्या मांडीवर वही असायची. पहिल्या दिवशी तिने त्यात लिहून मला दाखवलं, "तुम्ही सतत माझ्याकडे बघत असता."

"तेच माझं काम आहे," मी म्हटलं. तिने वही मिटली.

तीन दिवस असेच गेले. भांड्याचा आवाज, किटलीचा आवाज, बस. चौथ्या दिवशी मी खालच्या ग्रोसरीत दूध आणायला गेले आणि दुकानदाराशी बोलताना माझाच आवाज घोगरा लागला. तो केरळचा. हिंदीत म्हणाला, "सिस्टर, सर्दी हुआ क्या?" सर्दी कसली, दोन दिवसांत मी तोंडच उघडलं नव्हतं. त्या शुक्रवारी मुलाला फोन लावला तर तो म्हणाला, "अम्मी, आय ॲम ड्रायव्हिंग, कॉल यू बॅक." रात्रीपर्यंत त्याचा फोन आला नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं.

रविवारी दुपारी असरची नमाज पढून उठले तर तिच्या बाथरूममध्ये नळ चालू होता. बराच वेळ चालू राहिला. मी दार वाजवलं आणि उघडलं. टबच्या कडेवर बसून ती फोनमध्ये कुजबुजत होती. मी हात पुढे केला. तिने फोन कापला आणि माझ्याकडे असं बघितलं की वॉर्डमध्ये कुणी तसं बघितलं असतं तर मी सुपरवायझरला बोलावलं असतं. मग वही ओढून लिहिलं. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

"दर रविवारी. बावीस वर्षं. एकदाही चुकलं नाही."

"कुणाला?"

"डॅड."

"त्यांना ऑपरेशनचं सांगितलंय?"

तिने मान हलवली. नाही.

मी जरा विचार केला. हे माझ्या कामात बसत नव्हतं. पण ती परत कुजबुजली असती. मी म्हटलं, "तुम्ही लिहा. मी बोलते."

आम्ही दिवाणखान्यात बसलो, फोन टेबलावर, स्पीकर चालू. इथे चार वाजले होते, तिकडे इंग्लंडात दुपारचे बारा.

"मी नर्स बोलतेय," मी म्हटलं. "तुमची मुलगी ठीक आहे. घसा बसलाय म्हणून डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

"बोलायला मनाई?" म्हातारा आवाज, इंग्लंडच्या उत्तरेकडचं जाड इंग्लिश. "तिला?" आणि तो माणूस हसायला लागला. हसता हसता खोकला आला त्यांना. माझ्या शेजारी तीही हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत. मी हात वर करून तिला थांबवलं. हसायलाही मनाई होती.

त्यानंतर रोज चार वाजता फोन व्हायचा. आधी फक्त रविवारचा नेम होता, आता नर्सकडून तब्येत कळतेय तर रोज कळू दे, असं तेच म्हणाले. ती लिहायची, "विचारा, गुडघा कसा आहे," आणि मी विचारायचे. पण दोन-तीन दिवसांत ते तिच्या प्रश्नांची उत्तरं देऊन झाल्यावर माझ्याशी बोलायला लागले. चौतीस वर्षं बस चालवली होती त्यांनी, एकाच गावात. मी कुठली, विचारलं. मी सांगितलं, रायगड जिल्ह्यातली, मुरुडच्या बाजूची, घरासमोर समुद्र. "गरम असतो का तुमच्याकडचा समुद्र?" त्यांनी विचारलं. मग, "आज काय शिजवलंत?"

मी सांगितलं, सुरमईचं कालवण आणि भात, तुमच्या मुलीसाठी वेगळं सूप. कालवण म्हणजे काय, तेही सांगितलं, नारळ कसा वाटायचा, कोकम कधी टाकायचं. खरं सांगायचं तर मी चार वाजायची वाट बघायला लागले होते. आज काय शिजवलं, हे मला किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

तीही वहीत जास्त लिहायला लागली. तिची आई चर्चमध्ये गायची. ही बारा वर्षांची असताना आई वारली आणि घरात तिच्या रेकॉर्ड राहिल्या. त्या ऐकून ऐकून ही गायला शिकली. कसली गाणी, मी विचारलं. तिने लिहिलं, "सोल. म्हणजे पोटातून येतं ते. पण रेडिओवर चालेल इतपत." वडिलांनी तिच्यासाठी पोस्टात नोकरीची मुलाखत ठरवली होती. एकोणीस वर्षांची असताना, त्या मुलाखतीच्या सकाळी ही लंडनच्या बसमध्ये बसली. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभी राहून कोरसमध्ये गायली. मग एक गाणं तिचं स्वतःचं आलं आणि सगळीकडे वाजलं. त्यानंतर अल्बम, बक्षिसं, अकरा खोल्यांचं घर. तिच्या बँडमधल्या ड्रमरशी लग्न झालं, चार वर्षं टिकलं. "हजारो माणसं ओरडत असतात," तिने लिहिलं, "आणि पाच मिनिटांनी मी लिफ्टमध्ये एकटी असते. लिफ्टमध्येही गाणं असतं. कधी कधी माझंच."

ते गाणं तिने मला फोनवर ऐकवलं. मी ओळखलं. शारजाच्या हायपरमार्केटमध्ये कित्येक वर्षं ते वाजायचं. "यावर मी टोमॅटो निवडलेत," मी म्हटलं.

तिने लिहिलं, "सगळे असंच सांगतात. कुणाचे टोमॅटो, कुणाचा दातांचा डॉक्टर."

त्याच पानावर खाली, वेगळ्या अक्षरात, जरा वेळाने लिहिलेलं होतं. "डॅड कधीच माझ्या कार्यक्रमाला आले नाहीत. मग मी बोलवायचं थांबवलं."

नवव्या दिवशी फोनवर बोलता बोलता ते थांबले. "ती तिथे आहे का?" त्यांनी विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्यासमोर दोन फुटांवर बसली होती. तिने मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आंघोळीला गेल्यात," मी म्हटलं.

मी का खोटं बोलले, याचा नंतर खूप विचार केला आहे. पेशंटचं ऐकायची सवय, दुसरं काय.

"तुम्हाला एक सांगतो," ते म्हणाले. "एका वर्षी ती इथे जवळच्या शहरात गायला आली होती. मोठा हॉल. मी तिला सांगितलं, मला ड्यूटी आहे. ड्यूटी नव्हती. मी दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर बदलून घेतली होती. गेलो मी. सगळ्यात वरच्या रांगेत बसलो, इतक्या वर की ती बोटाएवढी दिसत होती. दोन गाणी ऐकली. तिसऱ्या गाण्यात श्वास घ्यायला तिने मान डावीकडे वळवली. तिची आई अशीच वळवायची. अगदी तशीच. मला बसवेना. उठून निघून आलो. बसस्टॉपवर तासभर बसलो आणि घरी गेलो."

मी फोन जरा जवळ ओढला.

"तिला काय सांगणार?" ते म्हणाले. "आलो होतो, पण मधेच उठलो, हे सांगणार? तुम्हीही सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हटलं. आणि ते वचन देताना ती माझ्यासमोर बसलेली होती, मांडीवर वही, हातात पेन, आणि पेन हलत नव्हतं.

फोन ठेवल्यावर ती खाली वाळूवर गेली. तिने रडू नये असंही माझ्या कागदावर होतं. मी पाण्याची बाटली घेऊन मागे गेले आणि शेजारी उभी राहिले. किती वेळ ते आठवत नाही. वर आल्यावर वहीत एवढंच लिहिलं, "ड्यूटी आहे म्हणाले होते."

अकराव्या दिवशी दुबईला जाऊन तपासणी झाली. जखम भरली होती. दुसऱ्या सकाळी लॅपटॉपवर स्पीच थेरपिस्टने तिला ओठ मिटून गुणगुणायला लावलं, पाच पाच सेकंद. त्या दिवशी बोलायला पाच मिनिटं मिळणार होती. तिने ती सगळी चार वाजताच्या फोनसाठी ठेवली. दुपारभर ती वहीत काहीतरी लिहीत होती, खोडत होती. मी बघितलं नाही.

चार वाजता फोन लागला.

"सिस्टर," तिकडून आवाज आला, "आज काय शिजवलंत?"

"डॅड, मी आहे."

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. रेकॉर्डमधल्यापेक्षा खूप खालचा होता.

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "अच्छा. बरी झालीस."

"हो."

"आवाज वेगळा लागतोय."

"लागणारच थोडे दिवस."

"इथे सकाळपासून पाऊस आहे."

"इथे ऊन आहे. गुडघा?"

"आहे तसाच. बरं, घसा जप."

दोन मिनिटं झाली होती. तिच्या वाट्याची तीन मिनिटं उरली. तिने फोन टेबलावर उपडा ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, "तुमच्याशी किती बोलतात ते."

मी तिचा पाण्याचा ग्लास पुढे केला. तिचं वाईट वाटत होतंच. पण त्या क्षणी मला माझंही वाईट वाटलं, कारण उद्यापासून चार वाजता मला कुणी काही विचारणार नव्हतं. ही गोष्ट मी तिला सांगितली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "मी त्यांना सांगू का, की मला माहीत आहे?"

"सांगा," मी म्हटलं. "दोष माझ्यावर घाला. म्हणा, नर्सने सांगितलं."

"मग ते पुन्हा कुणालाच काही सांगणार नाहीत," ती म्हणाली.

अठराव्या दिवशी गाडी आली. तिने मला मिठी मारली, घट्ट, बराच वेळ, आणि काही बोलली नाही, कारण त्या दिवसाची मिनिटं संपली होती. मी शारजाला माझ्या खोलीवर परतले. पुढच्या आठवड्यात नवीन पेशंट मिळाला.

पुढच्या हिवाळ्याच्या सुमाराला ती पुन्हा गायला लागली. खोलीतली दुसरी नर्स फोनवर बघत होती, मीही मागून बघितलं. गाणी खालच्या पट्टीत घेतली होती. त्या जुन्या गाण्यातला वरचा भाग कोरसच्या बायका म्हणत होत्या आणि ती डोळे मिटून उभी होती. "काय मस्त गाते ना," मैत्रीण म्हणाली. मी हो म्हटलं. कागदावरची सही आठवली आणि गप्प बसले.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तिचा फोन आला. मी दुबईच्या बर दुबई भागात एका सिंधी आजींकडे कामाला होते, त्यांचं जेवण गरम करत होते. वडील दोन आठवड्यांपूर्वी गेले, तिने सांगितलं. झोपेत. तिने त्यांना शेवटपर्यंत काही विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

"त्या दिवशी ते काय म्हणाले," ती म्हणाली, "ते मला पुन्हा सांगाल? जसंच्या तसं?"

"तुम्ही स्वतः ऐकलंत की."

"ऐकलं. पण आता मला माझीच खात्री वाटत नाही. वाटतं, मी मनाने काहीतरी घातलंय त्यात."

मी गॅस बंद केला आणि सांगितलं. बदलून घेतलेली ड्यूटी, वरची रांग, दोन गाणी, तिसऱ्या गाण्यातला श्वास, बसस्टॉप. माझ्या पदरचं काही घातलं नाही. मधे एकदाच तिने थांबवलं.

"डावीकडे म्हणाले?"

"डावीकडे."

"बरं. पुढे सांगा."

सांगून झाल्यावर तिने फोन ठेवला नाही. श्वास ऐकू येत होता. मग आजींनी आतून हाक मारली, आणि ती म्हणाली, "जा तुम्ही, पेशंट बोलावतायत." मी ताट घेऊन आत गेले.

"किसका फोन था?" आजींनी विचारलं.

मी म्हटलं, एक जुनी पेशंट, तिचे वडील वारले. आजींनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. मी भात कालवून त्यांना पहिला घास दिला.