नऊ परसांची विहीर

विद्यार्थ्यांना अभ्यासात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरू द्यावी का, यावर विभागाच्या बैठकीत मी एकटीच भांडले होते. बाकी सगळे बंदीच्या बाजूने. मी म्हटलं, बंदी घातली म्हणून पोरं काय मोबाईल आडात टाकणार आहेत? वापरू द्या, पण माझ्या अटीवर. वहीच्या डाव्या पानावर मशीनने काय सांगितलं ते लिहायचं, उजव्या पानावर स्वतः जाऊन काय पाहिलं ते. उजवं पान कोरं असेल तर प्रकल्प परत. भूगोल शिकवण्यात माझी हयात गेलेली. म्हणणं मान्य झालं, बहुधा माझ्या तोंडी कोण लागणार म्हणून.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहर चारी बाजूंनी फुगत होतं. आमच्या कॉलनीमागे नव्या इमारतींत लोक राहायला येण्याआधीच टँकर येऊन उभे राहायचे. एम.ए.च्या वर्गाला मी विषय दिला, आपल्या गावच्या विहिरी.

सोयगाव तालुक्यातली एक मुलगी बजाजनगरला मावशीकडे राहून शिकत होती. वर्गात कधी तोंड न उघडणारी. दर रविवारी एसटीने गावी जाऊन विहिरींचं पाणी मोजते, असं तिने सांगितलं होतं. तिचा छापील अहवाल हातात आला आणि मी खूश झाले. तक्ते सुबक, आलेख देखणे. मग एका ओळीवर नजर अडली. गावाजवळच्या विहिरीची खोली ग्रामपंचायतीच्या नोंदीप्रमाणे पंचेचाळीस फूट आणि पाणी लागतं चोपन्न फुटांवर.

माझं डोकंच फिरलं. भर वर्गात अहवाल तिच्या बाकावर आपटला.

"पाणी विहिरीच्या बुडाखाली जाऊन बसलंय का गं? मशीनकडून आकडे काढतेस आणि माझ्या डोळ्यांत धूळ फेकतेस?"

वर्ग खो खो हसला. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मी गेले होते."

मी 'नामंजूर' असा शेरा मारला. तिचं वर्ष जाणार होतं, आणि वर्ष गेलं तर घरचे तिला पुन्हा शहरात ठेवणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. तरी मारला. बैठकीत ज्यांच्याशी भांडले त्यांना आता काय तोंड दाखवू, याचीच मला जास्त काळजी होती.

तिसऱ्या दिवशी ती आईला घेऊन विभागात आली. आई ठेंगणी, खांद्यावर दोराचं वेटोळं, दोराच्या टोकाला दगड बांधलेला.

"पोरीनं खोटं लिव्हलं म्हणता? दोर तर म्या टाकला, बाई. नऊ परस."

दोन्ही हात फाकवून दोर धरला की एक परस. आमच्याकडच्या जुन्या माणसांचं विहिरीचं माप तेच. मुलीने नऊ परस सांगितले आणि मशीनने परसाला सहा फूट धरून चोपन्न करून दिले होते. मी टेप काढला आणि त्यांना हात पसरायला सांगितलं. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. चार फूट दहा इंच.

कागदावर गुणाकार केला. साडेत्रेचाळीस फूट. म्हणजे बुडाशी हातभर पाणी.

"तेवढंच हाय," आई म्हणाली. "खरडून भरावं लागतंय. तुमच्या त्या मशीनला हात हायत का?"

"नाहीत."

"मंग ते काय मोजणार!"

मुलीने वही पुढे केली. डाव्या पानावर चोपन्न फूट. उजव्या पानावर तिच्या अक्षरात, 'दोर आईने टाकला. नऊ परस. आईचे हात आखूड आहेत.'

"मग अहवालात हे का नाही लिहिलंस?"

"मला वाटलं, आईपेक्षा मशीनला जास्त कळत असंल."

मी ती वही उघडूनच पाहिली नव्हती. नियम माझा आणि तो मोडलाही मीच. दुसऱ्या दिवशी, ज्या वर्गाला हसवलं होतं त्याच्यापुढे उभं राहून मी तिची माफी मागितली. शेरा खोडला आणि अहवाल सुधारायला आठ दिवस दिले.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. तक्ता पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"परस? हे कसलं माप? माणसागणिक बदलणार. इथे कुणाचा धरलाय?"

मी तिच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं, पण माझी गरजच पडली नाही.

"माझ्या आईचा, सर," ती म्हणाली. "चार फूट दहा इंच. गावातल्या सगळ्या विहिरी तिनंच मोजल्यात. मशीनचा आकडा शेजारी दिलाय, कुठं चुकला तेही लिहिलंय."

परीक्षकांनी पान उलटलं आणि वाचत राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. ती माझ्याकडे बघतही नव्हती.