कथबर्ट ऑर्मरॉडचा रंगेल सरदार

...तर कथबर्टने तो झालरीचा रुमाल चौघडी घालून प्राउससाहेबांच्या हातात परत ठेवला आणि म्हणाला, "हा मला नको." काल गोष्ट इथे थांबली होती. काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जातो, फार नाही.

कथबर्ट ऑर्मरॉड हा आमच्या लँकेशायरमधल्या गिरणगावच्या नाटक मंडळीतला नट. दर सोमवारी नवं नाटक लावायचं आणि शनिवारी उतरवायचं, असा त्या मंडळीचा रतीब होता. महायुद्धापासून चालत आलेलं मिठाईवरचं रेशन नुकतंच उठलं होतं, त्या सालची ही गोष्ट. कथबर्टची पन्नाशी उलटलेली. आजवर त्याने केले ते बटलर, पाद्री, वकील, आणि खून झालेला ज्याला सगळ्यात आधी दिसतो तो शेजारी. रविवारी चर्च चुकवायचा नाही, दारूला शिवायचा नाही, पायमोजे स्वतः रफू करायचा. त्याची घरमालकीण मिसेस एन्टविसल म्हणायची, "माझ्या घरात पुरुष भाडेकरू आहे हे मला फक्त बाथरूममधल्या वस्तऱ्यावरून कळतं."

अशा माणसाच्या वाट्याला सर ऑब्रे गॅडफील्ड आला. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या जमान्यातलं विनोदी नाटक, आणि त्यातला हा रंगेल सरदार. पाच अंकांत लंडनच्या निम्म्या बायकांना नादी लावतो आणि शेवटी एकीच्या हाती सापडतो. ही भूमिका आमच्या गावात वर्षानुवर्षं लायनेल प्राउस करायचे. मंडळी त्यांचीच, दिग्दर्शनही त्यांचंच. आता पायाच्या अंगठ्याला संधिवात जडला होता, काठीशिवाय उभं राहवत नव्हतं. भूमिका जायची तर तरण्याबांड डेस्मंड पाइककडे, असं सगळे धरून चालले होते. पण नायिका करणारी मोइरा स्केफ अडून बसली.

"डेस्मंडबरोबर नको," ती म्हणाली. "मी बोलत असते तेव्हा तो माझ्या डोळ्यांत स्वतःचा विग नीट बसलाय का बघत असतो."

"मग कोणाबरोबर? कथबर्टबरोबर?" प्राउससाहेबांनी थट्टा केली.

"हो. कथबर्टबरोबर."

थट्टा अंगलट आली. प्राउससाहेबांनी कथबर्टला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "सोमवारी जमलं नाही, तर मंगळवारपासून डेस्मंड उभा राहील. आणि पुढच्या हंगामात मंडळीत तुला जागा असेल की नाही, ते आज मला विचारू नकोस. बटलर करायला आता स्वस्तातली पोरं मिळतात."

कथबर्ट म्हणाला, "बरं." या वयात दुसरी मंडळी त्याला दारात उभं करणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता तालमीकडे येतो. प्राउससाहेबांचा सर ऑब्रे गावाला पाठ होता. रुमाल फडकवत यायचं, तपकिरीच्या डबीवर टिचकी मारायची, एक पाय पुढे काढून पोटरी दाखवायची, आणि प्रत्येक चावट वाक्याला प्रेक्षकांकडे वळून डोळा मारायचा. त्यांनी बसल्या बसल्या काठीच्या टोकाने हे सगळं कथबर्टला दाखवलं. तेव्हाच तो रुमाल परत आला.

"नको म्हणजे? मग हातांचं काय करणार आहेस?"

"काही नाही. बाई बोलत असताना मी हात हलवले तर त्यांच्याकडे कोण बघणार?"

"अरे बाबा, प्रेक्षक तिकीट काढतात ते सर ऑब्रेला बघायला."

"हो, पण त्या बाया त्याच्यावर का भाळतात, प्राउससाहेब? पोटरी तर लंडनमध्ये सगळ्यांनाच असणार."

यावर मोइरा हसली आणि डेस्मंडने नकळत आपला पाय मागे घेतला.

कथबर्टचा सर ऑब्रे कसा होता सांगतो. तो काही करायचाच नाही. बाई बोलायला लागली की तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा, ओठांकडे, पापण्यांकडे, जणू एक अक्षर सुटलं तर आयुष्यभर हळहळ लागेल. म्हातारी मावशी असो, दासी असो, दुसऱ्याची बायको असो, बघणं तेच. आणि ती बोलून थांबली की मग तो एखादंच वाक्य बोलायचा, तेही तिच्याच शेवटच्या शब्दाला धरून. हे बघणं त्याने पुस्तकातून आणलं नव्हतं. त्याची आई मागवाली, म्हणजे गिरणीत मागावर काम करणारी. मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेली, त्यामुळे ओठांवरून बोलणं ओळखायची. घरीसुद्धा समोरच्याच्या तोंडाकडे टक लावूनच ऐकायची. लहानपणी कथबर्टला वाटायचं, आपण जगातलं फार महत्त्वाचं काहीतरी सांगतोय. मोठेपणी कळलं की सगळ्याच मागवाल्या असं ऐकतात. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

प्राउससाहेबांना हे मुळीच पटलं नाही. "तू सरदार नाहीस, तू डॉक्टर वाटतोस," ते म्हणायचे. "आता नाडी बघशील अशी भीती वाटते."

शिवाय आमच्या नाटकवाल्यांची एक जुनी रीत मध्ये आली. नाटकाचं अगदी शेवटचं वाक्य तालमीत उच्चारायचं नाही. ते पहिल्या प्रयोगाला, प्रेक्षकांसमोरच. तालमीत बोललात तर नाटक तिथेच पुरं झालं, मग प्रयोगात राहिलं काय? या नाटकात ते वाक्य सर ऑब्रेचं. लेडी फेबिया, म्हणजे मोइरा, त्याला विचारते, "आता मी तुमची बायको होणार, सर ऑब्रे. मग उद्यापासून फसवणार कोणाला?" आणि त्याने म्हणायचं, "स्वतःला, बाईसाहेब. बाकी साऱ्या शहाण्या झाल्या." इथे सांगायला हरकत नाही, ही काही तालीम नव्हे. प्राउससाहेब यावर दोन्ही डोळे एकामागून एक मारायचे. पण कथबर्ट ते कसं म्हणणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तालमीत मोइरा प्रश्न विचारायची, कथबर्ट गप्प राहायचा, आणि एझ्रा होल्ट दोर सोडायचा. हा एझ्रा पडदेवाला, माणूस पक्का.

सोमवार उजाडला. वरच्या स्वस्त बाकांवर गिरणीतल्या बाया नेहमीप्रमाणे दाटीवाटीने बसल्या, मांडीवर संत्री. खाली दुकानदार, बँकवाले आणि त्यांच्या टोपीवाल्या बायका. पहिल्या अंकात कथबर्ट आला तो रुमालाशिवाय. खालचे लोक हसायला तयार बसले होते, त्यांना कुठे हसायचं कळेना. कोणीतरी खोकलं. प्राउससाहेब विंगेत स्टुलावर बसले होते. मागे उभ्या डेस्मंडला ते हळूच म्हणाले, "तुझी पाठांतराची वही कुठे आहे?"

दुसरा अंकही तसाच गेला. कथबर्टला विंगेतली कुजबुज ऐकू येत होती. मंगळवार त्याला दिसत होता. पण त्याने काही बदललं नाही. बदलायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

तिसऱ्या अंकात ती म्हातारी मावशी येते आणि आपल्या सांधेदुखीचं पुराण लावते. प्राउससाहेब इथे जांभई द्यायचे आणि हशा घ्यायचे. कथबर्ट बसला आणि ऐकू लागला. मावशी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर गेली, हा ऐकतोय. ती कमरेपर्यंत पोचली, हा थोडा पुढे झुकला. तेव्हा वरून एक बाई शेजारणीला म्हणाली, आणि मागवाल्यांना हळू बोलणं कुठून येणार:

"भाळली गं म्हातारी. आमचा हॅरोल्ड असं एकदा ऐकेल तर मी त्याला घड्याळ घेऊन देईन."

वरची सगळी माडी हसली. मग खालच्या टोपीवाल्या हसल्या, आणि त्यांच्यानंतर, जरा जपून, त्यांचे नवरे. तिथून पुढे प्रत्येक बाई रंगमंचावर आली की वरून सुस्कारा यायचा, "ही पण भाळणार." आणि ती भाळायची.

पाचवा अंक संपत आला. मोइराने प्रश्न विचारला. त्या दिवशी तिने तो चांगलाच विचारला, थट्टेत सुरू केला आणि शेवटाला तिच्या आवाजातली थट्टा गळून पडली. कथबर्ट तिच्याकडे बघत राहिला. वर कोणी संत्रंही सोललं नाही. तो बघतोय, ती बघतेय. विंगेत प्राउससाहेब काठीवर उभे राहिले.

आणि एझ्राने दोर सोडला.

त्याचाही दोष काय म्हणा. आठवडाभर त्याच जागी प्रश्न, शांतता, पडदा, असंच झालं होतं. हाताला तेच वळण. पडदा खाली आला आणि सर ऑब्रेचं वाक्य सर ऑब्रेच्या तोंडातच राहिलं. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. वरच्या बाया बाकं बडवत होत्या. "निरुत्तर केलं गं त्याला," असं ओरडून एकमेकींना सांगत होत्या.

पडद्यामागे मात्र सगळे गार. एझ्रा टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "मला दहा वेळा बडवा, मी मान खाली घालून उभा राहीन." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. डेस्मंड पोशाखाच्या खोलीच्या दिशेने आधीच निघाला होता. प्राउससाहेब काठी टेकत रंगमंचाच्या मधोमध आले.

शनिवारपर्यंत सर ऑब्रे कथबर्टच राहिला आणि पुढचा हंगामही त्याचा झाला, हे गावाला माहीत आहे. एझ्राला फक्त एवढंच बजावलं गेलं की कथबर्ट मान हलवेल तेव्हाच दोर सोडायचा. पण हे ठरलं ते पुढच्या एका सवाल-जवाबात, आणि तो ऐकायला तिथे फार माणसं नव्हती.

"मला खरं सांग," प्राउससाहेब म्हणाले. "मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे. नट विसरला की त्याचे डोळे कसे होतात मला कळतं, आणि तुझे तसे झाले नव्हते. पण तू थांबलास. विसरला असशील तर उद्या डेस्मंड, त्यात मला इलाज नाही. विसरलास का?"

मोइरा मध्ये काही बोलणार होती, तिला त्यांनी हाताने थांबवलं.

कथबर्टने विग काढून काखेत धरला, आणि चर्चमध्ये उभं राहावं तसा उभा राहून म्हणाला, "नाही, प्राउससाहेब. वाक्य तोंडाशी होतं. पण बाईंनी इतकं मनापासून विचारलं होतं, की मी लगेच उत्तर दिलं असतं तर हा घरूनच तयारी करून आलाय, हे त्यांना कळलं असतं."