लिंबाखालची बजाबाई

मैंदर्गीच्या वेशीजवळ लिंबाखाली देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला दगड, होता. तिथली पुजारीण बजाबाई मंगळवारी अंगात देवी आली की बायकांच्या कपाळाला निलगिरीचं तेल लावायची. एकदा गावातली पायल सासूबरोबर आपलं धापा टाकत रडणारं तान्हं बाळ घेऊन आली.

"ह्याच्या नाकाला तेल लाव," पायलची सासू म्हणाली.

बाळाचे ओठ निळे पडत होते. बजाबाईनं बाटलीला बूच लावलं. "तेलानं जीव आनकी कोंडंल. दवाखान्यात न्या."

"मग तुझ्या अंगात देवी न्हायच की!" सासू सगळ्यांदेखत ओरडली.

"नसू दे," म्हणत बजाबाई पायलला घेऊन रिक्षात चढली. वाटेत बाळाचं रडणंही थांबलं.

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर संध्याकाळी ते पुन्हा रडलं.

पुढच्या मंगळवारी लिंबाखाली मोजक्याच बायका आल्या. त्यांत पायल होती.